मल्लवीर खाशाबा जाधव

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई आणि माहुली मागे टाकून दक्षिणेकडे वाहत येते, आणि कऱ्हाड येथे तिला कोयना भेटते. दोन्ही नद्या समोरासमोर येऊन एकमेकींत मिसळतात, म्हणून लोक या संगमास प्रीतिसंगम म्हणतात. येथून वळण घेऊन कृष्णा सांगलीकडे जाते. सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे आहेत, परंतु इ.स. १९४९ पर्यंत या खोऱ्याचा बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि इ.स. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या, तरी गावोगावच्या तालमी मात्र बदलल्या नाहीत. गावात मारुतीचे देऊळ असावे आणि देवळाच्या आसपास तालीम असावी, ही या मुलखाची जुनी रीत. पहाटे जोर-बैठकांचा घुमारा उठावा, दिवसभर शेतात राबावे आणि जत्रेच्या दिवशी फडात उतरून नारळापासून चांदीच्या कड्यापर्यंत मिळेल ते इनाम घरी आणावे, यातच येथील तरुण धन्यता मानीत.

कऱ्हाडच्या अगदी लगत असलेल्या गोळेश्वर नावाच्या खेड्यात दिनांक १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. त्यांचे वडील दादासाहेब जाधव हे स्वतः नामांकित पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात शेती होती, श्रीमंती नव्हती; पण कुस्तीचे वेड मात्र पिढीजात होते. वडिलांनी खाशाबांना वयाच्या पाचव्या वर्षापासूनच आखाड्यात उतरविले. अंगाला लाल माती लावावी, गुडघे टेकून हौद्याला नमस्कार करावा आणि मग वडिलांच्या नजरेखाली एकेक डाव गिरवावा, असे त्यांचे प्राथमिक शिक्षण चालले होते. आठव्या वर्षी त्यांनी गावाकडच्या एका मैदानात आपल्याहून वरचढ समजल्या जाणाऱ्या मल्लाला पाहता पाहता अस्मान दाखविले, असे सांगतात.

पुढील शिक्षणासाठी ते कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात दाखल झाले. हा काळ मोठ्या धामधुमीचा होता. इ.स. १९४२ च्या चले जाव चळवळीचा वणवा सातारा जिल्ह्यात जितका भडकला, तितका फारच थोड्या ठिकाणी भडकला असेल. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे प्रतिसरकार स्थापन झाले होते आणि भूमिगत कार्यकर्ते रात्रीच्या अंधारात एका गावाहून दुसऱ्या गावी जात होते. शाळकरी खाशाबांनीही या कार्यात आपला वाटा उचलला. भूमिगतांना आसरा देणे, त्यांच्या चिठ्ठ्यापत्रके योग्य जागी पोचविणे ही कामे त्यांनी केली. तालमीत घटविलेले शरीर आणि निर्भय मन यांचा असाही उपयोग झाला.

हायस्कूल संपल्यावर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या उदार आश्रयामुळे कोल्हापूर ही मल्लविद्येची पंढरी बनली होती. तेथे बाबूराव बलवडे व बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक त्यांना लाभले. परंतु महाविद्यालयातील त्यांचा पहिला अनुभव काही सुखाचा नव्हता. वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव घालावे म्हणून ते गेले, तेव्हा त्यांची लहानखुरी चण पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. साडेपाच फुटांच्या आसपास उंचीचा हा पोरगेला तरुण धिप्पाड गड्यांसमोर काय टिकणार, असे त्यांना वाटले असावे. खाशाबा निमूटपणे परतले नाहीत. त्यांनी सरळ प्राचार्यांची भेट घेतली. प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर हे गुणग्राही गृहस्थ होते. त्यांनी परवानगी दिली. आणि या लहानखुऱ्या विद्यार्थ्याने आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांना एकामागून एक लोळविले. त्या दिवशी प्राचार्यांनी जो विश्वास टाकला, त्याची पुढे किती मोठी कसोटी लागणार होती, याची कल्पना तेव्हा दोघांसही नसेल.

खाशाबांची ताकद दांडगी होती, पण त्यांचे खरे बळ होते ते चपळाईत. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान आपल्या कवेत घट्ट आवळावयाची आणि कमरेच्या एका झटक्यासरशी त्याला हवेतून जमिनीवर आणावयाचे, असा हा डाव आहे. तो सांगावयास सोपा, पण साधावयास फार कठीण. क्षणभर जरी वेळ चुकली, तरी डाव टाकणाराच खाली सापडतो. खाशाबांची वेळ क्वचितच चुकत असे.

इ.स. १९४८ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. भारत नुकताच स्वतंत्र झाला होता आणि स्वतंत्र राष्ट्र म्हणून आपला तिरंगा घेऊन प्रथमच या सामन्यांत उतरणार होता. खाशाबांची निवड झाली. प्रवासाच्या खर्चाची सोय कोल्हापूरच्या महाराजांनी केली आणि बावीस वर्षांचा हा विद्यार्थी लंडनला पोचला.

तेथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. मातीतील कुस्ती व गादीवरील कुस्ती या नावाने एक असल्या तरी व्यवहारात फार निराळ्या आहेत. आपल्या फडात कुस्तीला वेळेचे बंधन नसे. एकाची पाठ मातीला लागली की निकाल झाला. पाय मातीत रुततात, अंगाला माती चोळली की पकड घट्ट बसते, आणि दमाचा मल्ल प्रतिस्पर्ध्याला हळूहळू थकवून मग डाव टाकतो. गादीवर यांपैकी काहीच नाही. तेथे घड्याळ चालू असते, भोवती पंच बसलेले असतात. कुणी किती वेळ वरचढ राहिला, कुणी किती चढाई केली, याचा हिशेब ठेवला जातो. पाय चटकन सरकतात. घामाने निसरड्या झालेल्या अंगावर पकड टिकत नाही. जन्मभर मातीत घडलेल्या मल्लाला ऐन स्पर्धेच्या तोंडावर ही नवी रीत शिकावयाची, म्हणजे मोडी लिहिणाऱ्याने एका रात्रीत बाळबोध गिरविण्यासारखेच होते. तेथे रीझ गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराने त्यांना मार्गदर्शन केले. तेवढ्या शिदोरीवर खाशाबा फ्लाय गटात, म्हणजे ५२ किलो वजनाच्या गटात, उतरले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी थोडक्या मिनिटांत चीत केले. इराणच्या मल्लाकडून मात्र त्यांना हार पतकरावी लागली आणि अखेरीस त्यांचा क्रमांक सहावा लागला.

सहावा क्रमांक ही लहानसहान गोष्ट नव्हती. तथापि खाशाबांचे समाधान झाले नाही. परत आल्यावर पुढील चार वर्षे त्यांनी एकच ध्यास घेतला. त्यांनी वजन वाढवून ५७ किलोच्या बँटम गटात उतरावयाचे ठरविले आणि गादीवरील डावपेचांचा कसून सराव सुरू केला. इकडे सराव करावा म्हटले तर गाद्या तरी किती तालमींत होत्या? बहुतेक तयारी मातीतच करावी लागली; पण मनात आराखडा गादीचा होता.

इ.स. १९५२ चे ऑलिंपिक फिनलंड देशाच्या हेलसिंकी या राजधानीत होते. त्यासाठीच्या निवडीत खाशाबांना न्याय मिळाला नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत अवघा एक गुण कमी देऊन आपल्याला जाणूनबुजून डावलण्यात आले, अशी त्यांची तक्रार होती. त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह हे होते. खाशाबांनी थेट त्यांच्याकडे दाद मागितली. कॉलेजात जसे त्यांनी केले होते, तसेच येथेही केले. महाराजांना कुस्तीची जाण होती. त्यांनी पुन्हा चाचणी घेण्याची आज्ञा दिली. या चाचणीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले, तेव्हा पंचांच्या गुणांचा प्रश्नच उरला नाही.

निवड झाली, पण पैसा कोठून आणावयाचा? त्या काळी परदेशी जाणाऱ्या खेळाडूचा खर्च सरकारच करील अशी व्यवस्था नव्हती. खाशाबांनी झोळी पसरली. गोळेश्वरच्या लोकांनी यथाशक्ती वर्गणी दिली. कऱ्हाडच्या दुकानदारांनी दिली. कुणी रोख रक्कम दिली, कुणी प्रवासास लागणारे सामान दिले. तरीही मोठी तूट राहिली. तेव्हा प्राचार्य खर्डेकर पुढे सरसावले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून आपल्या माजी विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. त्या काळी सात हजार ही केवढी रक्कम होती, हे समजण्यास मध्यमवर्गीय गृहस्थाच्या अनेक वर्षांच्या मिळकतीशी तिची तुलना करावी लागेल. विद्यार्थी हरला असता तर घर सुटण्याची आशा नव्हती. आणि जिंकला असता तरी पदकाबरोबर पैसे मिळतात, असे थोडेच होते? प्राचार्यांनी हे सारे जाणूनच केले असणार.

हेलसिंकीत खाशाबा गादीवर उतरले ते पूर्ण तयारीनिशी. त्या वेळच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कुस्ती पंधरा मिनिटांची असे. हरणाऱ्यास दंडगुण मिळत. एवढेच नव्हे, तर चीत न करता केवळ पंचांच्या निर्णयावर जिंकणाऱ्याच्या खाती देखील एक दंडगुण जमा होत असे. दंडगुण ठराविक मर्यादेपर्यंत पोचले, की मल्ल स्पर्धेतून बाद होई. म्हणून नुसते जिंकून भागत नव्हते, तर प्रतिस्पर्ध्याला चीत करणे हिताचे होते. आणि हे तर मातीतल्या मल्लाच्या अंगवळणीच पडलेले असते. खाशाबांनी प्रथम कॅनडाच्या पोलिक्विनला आणि नंतर मेक्सिकोच्या बासुर्तोला चीत केले. जर्मनीचा श्मिट्झ चिवट निघाला. त्याच्यावर त्यांनी पंचांच्या निर्णयाने विजय मिळविला. आता समोर दोनच मोठे अडसर राहिले होते, जपानचा शोहाची इशिई आणि सोव्हिएत रशियाचा रशीद मामेदबेकोव.

इशिईची कहाणीही खाशाबांसारखीच. तो मूळचा ज्युडो खेळणारा. महायुद्धातील पराभवानंतर जपानमध्ये ज्युडोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला होता. दोन देशी विद्यांत वाढलेले हे दोन मल्ल परक्या गादीवर समोरासमोर आले. झुंज दीर्घकाळ चालली आणि निर्णय इशिईच्या बाजूने लागला. मामेदबेकोवविरुद्धही खाशाबांना यश आले नाही. दोन कुस्त्यांच्या दरम्यान मल्लास ठराविक विश्रांती मिळावी असा नियम असूनही थकलेल्या खाशाबांना ती मिळाली नाही, आणि त्यांची बाजू मांडण्यास एकही भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता की काय, हे आता कोण सांगणार? परंतु एकाकी खेळाडूच्या पाठीशी कुणी उभे नसणे, ही गोष्ट मनाला लागल्याखेरीज राहत नाही.

इशिईला सुवर्णपदक मिळाले. त्या सामन्यांत जपानने मिळविलेले ते एकमेव सुवर्णपदक होते. मामेदबेकोव दुसरा आला. दिनांक २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या गळ्यातील तिसरे पदक, म्हणजे कांस्यपदक, निश्चित झाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळविलेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्याच संघातील केशव माणगावे यांचा क्रमांक ६२ किलो गटात चौथा लागला आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलै रोजी, भारतीय हॉकी संघाने हॉलंडचा ६ विरुद्ध १ गोलांनी पराभव करून सुवर्णपदक पटकाविले. हॉकीतील विजयाची देशाला सवय होती आणि आनंदही त्याचाच मोठा झाला. त्या जल्लोषात कांस्यपदकाची वार्ता काहीशी मागे पडली.

कऱ्हाडकर मात्र ती विसरले नाहीत. खाशाबा परत आले, तेव्हा कऱ्हाडच्या स्टेशनावर त्यांना नेण्यासाठी शंभरांहून अधिक बैलगाड्या सजून आल्या होत्या. ढोल-लेझीम वाजत होते. एरव्ही थोड्या वेळात संपणारी गोळेश्वरची वाट त्या दिवशी संपता संपेना. जत्रेत मल्लाची मिरवणूक निघावी, तशीच ही मिरवणूक होती. फरक एवढाच, की हा फड सात समुद्रांपलीकडचा होता.

सत्कार आटोपले आणि खाशाबांनी पहिले काम हाती घेतले ते ऋण फेडण्याचे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली. स्वतः मैदानात उतरून ते लढले. तिकिटांचे जे उत्पन्न आले, ते त्यांनी प्राचार्य खर्डेकरांना नेऊन दिले आणि गुरूंचे गहाण पडलेले घर सोडविले. ऑलिंपिकचे पदक मिळविलेला मल्ल गुरूच्या घरासाठी पुन्हा आखाड्यात उतरला. माझ्या मते खाशाबांच्या साऱ्या कुस्त्यांत याच कुस्त्या सर्वांत मोठ्या होत.

इ.स. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्याअंतर्गत अनेक स्पर्धा त्यांनी जिंकल्या आणि पोलीस दलातील तरुणांना खेळाचे मार्गदर्शनही केले. स्वतः गुरूंच्या हाताखाली घडलेला शिष्य आता दुसऱ्यांना घडवू लागला. इ.स. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्यांनी तयारी चालविली होती. परंतु गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

नोकरीतील त्यांची सत्तावीस वर्षे फारशी सुखावह नव्हती. कित्येक वर्षे बढती मिळाली नाही. साहाय्यक पोलीस आयुक्त हे पद लाभले ते सेवेच्या अगदी शेवटी, काही महिन्यांपुरते. निवृत्तीनंतर हक्काच्या निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. देशासाठी पदक आणणाऱ्या माणसाची अशी उपेक्षा व्हावी, हे त्या काळच्या आपल्या क्रीडाजीवनाला भूषणावह नाही. खाशाबांनी मात्र आपल्या पदकाचे भांडवल करून कुठे हात पसरल्याचे दिसत नाही. इ.स. १९८२ च्या दिल्ली आशियाई सामन्यांच्या ज्योतयात्रेत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. दिनांक १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते.

त्यांच्या पदकाचा परिणाम कृष्णाकाठच्या तालमींत आधीच दिसू लागला होता. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी इ.स. १९६२ मध्ये जकार्ता येथील आशियाई सामन्यांत सुवर्णपदक जिंकले आणि १९६४ मध्ये ते हिंदकेसरी झाले. मातीतला गडी गादीवरही जगाला भारी पडू शकतो, हे खाशाबांनी दाखविले होते.

सरकारी मानसन्मान पुष्कळ उशिरा आले. महाराष्ट्र शासनाने मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला. इ.स. २००० चा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला इ.स. २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. हेलसिंकीनंतर वैयक्तिक प्रकारात दुसरे भारतीय पदक येण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली, इ.स. १९९६ मध्ये अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला तर पुढच्या वैयक्तिक पदकासाठी बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली. इ.स. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक पटकाविले. त्याच वर्षापासून १५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. गोळेश्वरातील आपल्या घराला खाशाबांनी नाव दिले होते ऑलिंपिक निवास.